लीड चिकटत नाहीत

पहाटेचे तीन पन्नास. वाशी. कॅज्युअल्टीमागची खोली.
खाटेवर कमळाकर जोमा कोळी, वय बावन्न, राहणार दिवाळे.
छातीवर लीड चिकटत नाहीत.
हळद आहे. तेलात कालवलेली,
भाचीच्या लग्नाची, गळ्यापासून बेंबीपर्यंत थापलेली.

मी स्पिरिटचा बोळा फिरवते.
बोळा पिवळा होतो. दुसरा. तिसरा.
खोलीभर वास,
त्यातला माझ्या बाटलीचा किती
आणि त्यांच्या श्वासाचा किती, सांगता येत नाही.
"मॅडम," ते म्हणतात, "तुम्ही भायरून लावता वाटतं?"

बायको दाराशी. हातात त्यांच्या चपला.
"रोजचे पिणारे नाहीत ओ," मी न विचारताच सांगते.
"हळदीलाच फक्त."
मी मान हलवते.
दिवाळे, सारसोळे, करावे, शहाबाज मिळून
वैशाखात हळदी किती,
ते ती बोलत नाही.
मी सोनखारची. मलाही मोजता येतं.

"काय होतंय नेमकं?"
ते बराच वेळ छताकडे बघतात.
"टोपलीत जित्त्या निवट्या घातल्यात कुनी.
वर फडका बांधलाय."
पाठ्यपुस्तकात मला असं कुणी लिहून दिलं नव्हतं.

मग कागद येतो, गुलाबी चौकटींचा.
दोन सुळक्यांमध्ये अकरा खण,
पुढे सात, पुढे चौदा,
मग आठ, मग परत आठ
(वाटतं, लागली लय),
मग तेरा.
ठोके एकशे अठ्ठेचाळीस, आणि एकाचा दुसऱ्याशी
काही बोलणं झालेलं नाही.
प्रत्येक सुळक्याआधी एक बुटकं टेकाड असायला हवं.
तिथे नुसती चुळबुळ,
गढूळ पाण्याखाली काहीतरी हलत राहावं तशी.

डॉक्टर बिवलकर पट्टी उजेडात धरतात.
"पी दिसत नाही."
खाटेवरून आवाज येतो,
"पिली ना सायेब. खोटं कशाला बोलू."

कुणी हसत नाही. मग बायकोच हसते,
आणि हसता हसता पदर तोंडाशी नेते,
तो तिथेच राहतो.

डॉक्टर सांगतात: हृदयाचे वरचे कप्पे
आवळत नाहीत, नुसते थरथरतात.
एका रात्रीची दारूही तेवढं करू शकते.
बहुतेकदा आपणहून थांबतं.
पण साचल्या रक्ताची गुठळी होते,
आणि गुठळी निघाली की मेंदूकडे निघते.
ते ऐकतात. त्यांना साचलेलं पाणी समजतं.

सलाईन. मॉनिटर. बीप,
बीप बीप,
काहीच नाही,
बीप.

"आज षष्ठी," ते अचानक म्हणतात.
"तिथीची पाऊणपट करायची. सहाची साडेचार.
साडेचारला पुरं पानी.
माझा बाप बोटांवर करायचा, मी पन करतो.
कधी चुकली नाय."
मग मॉनिटरकडे बोट,
"याची तिथी कुठची?"

मी वायर सरळ करत राहिले.

साडेचार झाले. खाडीत भरलं असेल पाणी,
धक्क्याच्या पायऱ्या बुडल्या असतील.
इथे तेरा, सात, नऊ.

साडेसातला, मी सही करून निघणार तेवढ्यात,
नर्सने हाक मारली.
नवी पट्टी काढली. पंधरा. पंधरा.
पंधरा. आणि प्रत्येक सुळक्याआधी
ते बुटकं टेकाड, आपल्या जागेवर,
जणू रात्रभर इथेच बसलं होतं.

ते झोपले होते. तोंड उघडं.
जागे झाल्यावर पहिलं काय बोलले असतील तर
"शुक्कारी सारसोळ्याला हळद हाय. मॅडम, तुम्ही या.
जेवायला."
बायकोने चपला खाली ठेवल्या. जरा जोरात.
"मी सोडाच घेनार," ते तिला म्हणाले,
मला नाही.

दोन्ही पट्ट्या फायलीला लावल्या.
पहिलीवर माझ्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटलाय,
पुसला तर रेघ पुसते.

नर्सच्या टेबलावर कॅलेंडर, मागच्या पानावर मुहूर्त.
या महिन्यात अजून सहा.
कपाटात कागदाचे रोल चार.
दोन मागवून घेतले.